नियमित पिलाटिस आणि बायकांचं मन: काय बदलतं, कशामुळे बदलतं, कुठे बिघडतं? (एका चर्चेतून; बोलणाऱ्यांची नावं टोपणनावं आहेत)

चटईवरून:

नमस्कार. मॅट पिलाटिसचा, म्हणजे श्वास आणि लक्ष सांभाळत चटईवर करायच्या सावकाश व्यायामांचा, १२ आठवड्यांचा वर्ग आखते आहे. सगळ्या ३० ते ५५ वयाच्या स्त्रिया, बहुतेकींची पहिलीच वेळ. आठवड्यातून ३ दिवस, दर वेळी ५० मिनिटं. रिफॉर्मर वगैरे यंत्रं नाहीत. चटई, लहान चेंडू आणि रबरी पट्टा एवढंच सामान.

पाठ, पोट, लवचिकता यांबद्दल विचारायचं नाहीये. प्रश्न मनाचा आहे. 'ताण कमी होतो, झोप लागते, आत्मविश्वास वाढतो' हे पिलाटिसच्या जवळपास प्रत्येक माहितीपत्रकात असतं. त्यातलं काय खात्रीने लिहावं आणि काय गाळावं? परिणाम होत असेल तर तो नेमका कशाचा: श्वासाचा, व्यायामाचा, की चार जणींत मिसळण्याचा? १२ आठवड्यांनी 'छान वाटलं' यापलीकडे काही मोजता येईल का? आणि वर्गामुळे मन उलट बिघडू शकेल अशा जागा कोणत्या, तेही सांगा.

आकडेमोड:

आधी पुरावा कुठवर पोचतो ते. पिलाटिस आणि मानसिक आरोग्य यांवरच्या नियंत्रित अभ्यासांचं एक मेटा-विश्लेषण, म्हणजे अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करून केलेली मोजदाद, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. नैराश्याची लक्षणं, चिंता आणि थकवा कमी झाला, उत्साह वाढला, असं त्यात दिसलं आणि फरकही चांगला ठसठशीत होता. पण त्यात अभ्यास होते ८ आणि सहभागी अगदी थोडे. शिवाय असल्या अभ्यासांत तुलनेचा गट बहुधा काहीच न करणारा असतो, आणि आपण पिलाटिस करतोय हे सहभागींपासून लपवता येत नाही. बरं वाटेल अशी अपेक्षा, शिक्षिकेचं लक्ष, सोबत, हे सगळं त्या फरकात मिसळलेलं असतं.

त्यामुळे 'काहीच व्यायाम न करण्यापेक्षा नियमित पिलाटिसने उदासी, चिंता आणि थकवा कमी होण्याची चांगली शक्यता आहे' हे लिहा. 'इतर व्यायामांपेक्षा मनाला जास्त उपयोगी' हे लिहू नका. 'नैराश्य बरं होतं' हे तर मुळीच नको. ते वाचून एखादी स्वतःच गोळ्या बंद करते, आणि नैराश्यावरची औषधं एकदम थांबवली की चक्कर, चिडचिड, निद्रानाश असे त्रास होतात, आजारही उलटू शकतो.

आता मोजणी. वर्गासाठी मी जागतिक आरोग्य संघटनेची डब्ल्यूएचओ-५ ही प्रश्नावली सुचवेन. फक्त ५ विधानं, गेल्या २ आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ५ गुण. बेरजेला ४ ने गुणलं की ० ते १०० चा आकडा मिळतो. ५० किंवा त्याखाली असेल तर मनःस्थितीची नीट चौकशी हवी, आणि २८ किंवा कमी असेल तर डॉक्टरांकडे पाठवायलाच हवं. साधारण १० गुणांचा फरक पडला तरच त्याला बदल म्हणा. ५२ चे ५६ झाले म्हणजे काही झालं नाही.

ताणासाठी पीएसएस-१० ही प्रश्नावली वापरता येते: १० प्रश्न, ० ते ४० गुण, जास्त म्हणजे जास्त ताण. यात दोन चुका नेहमी होतात. ४, ५, ७ आणि ८ हे प्रश्न उलटे मोजायचे असतात, तिकडे लक्ष नसतं. दुसरं म्हणजे ही प्रश्नावली गेल्या महिन्याबद्दल विचारते, आणि लोक ती दर आठवड्याला भरून घेतात. मग एकाच वाईट आठवड्याची सावली चार नोंदींवर पडते.

पीएचक्यू-९ ही नैराश्याची लक्षणं मोजणारी प्रश्नावली टाळा, असं माझं मत आहे. तिचा नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तिथे शून्याखेरीज काहीही उत्तर आलं तर त्याच दिवशी त्या बाईशी कोण बोलणार आणि तिला कुठे पाठवणार हे आधी ठरलेलं हवं. ती व्यवस्था नसताना हा प्रश्न विचारणं बरोबर नाही.

वेळापत्रकाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण बायकांच्या वर्गात इथेच आकडे फसतात. सगळे ०, ६ आणि १२ व्या आठवड्याला मोजतात. ६ आठवडे म्हणजे ४२ दिवस. पाळी २८ दिवसांची असेल तर हे बरोबर दीड चक्र होतं. पहिली नोंद पाळी संपल्यावरची असेल तर मधली नोंद नेमकी पाळीच्या आधीच्या चिडचिडीच्या दिवसांत येते, आणि वर्गाचा उपयोग नाही असा समज होतो. त्यापेक्षा ४, ८ आणि १२ व्या आठवड्याला मोजा, म्हणजे २८, ५६ आणि ८४ दिवसांनी. पाळी लांब किंवा अनियमित असेल तर पाळीचा पहिला दिवस कागदावर लिहून घ्या आणि नोंद त्यानुसार पुढेमागे करा.

सुरुवातीची नोंदही एकदा नाही, दोनदा घ्या, २८ दिवसांच्या अंतराने, वर्ग सुरू होण्याआधी. माणूस व्यायामाचा वर्ग शोधतो तो बहुधा सगळ्यात वाईट काळात. तो काळ आपोआपही थोडा ओसरतो. दोन नोंदींत वर्गाविनाच फरक दिसला तर तेवढा पुढच्या आकड्यांतून मनातल्या मनात वजा करता येतो. आणि वर्ग संपल्या संपल्या कधीही भरून घेऊ नका. त्या तासाभरात सगळ्याच जणी ताज्यातवान्या असतात. वर्ग नसलेल्या दिवशी, ठरावीक वेळी, घरी भरू द्या.

बरगडीपट्टा:

कशामुळे बदलतं, याबद्दल मी लिहिते. माझ्या मते पिलाटिसच्या मानसिक परिणामाचा मोठा वाटा तीन गोष्टींचा: सावकाश श्वास, एका जागी टिकणारं लक्ष, आणि 'मागच्या महिन्यात जमत नव्हतं ते आज जमलं' हा अनुभव. जोसेफ पिलाटिस यांनी आपल्या पद्धतीचं नाव कॉन्ट्रॉलॉजी ठेवलं होतं आणि लक्षपूर्वक हालचालीवर त्यांचा सगळा भर होता. त्यांच्या चटईवरच्या मूळ क्रमात ३४ व्यायाम आहेत. नवख्या वर्गाला १२ ते १४ पुष्कळ झाले. ३४ उरकायला गेलात तर तिन्ही गोष्टी हातच्या जातात आणि उरते फक्त दमणूक.

श्वासापासून सुरुवात करा. पाठीवर, गुडघे वाकवून, तळवे जमिनीवर. हात खालच्या बरगड्यांवर, मधली बोटं एकमेकांना जेमतेम टेकलेली. नाकाने ४ मोजत श्वास, बरगड्या दोन्ही बाजूंना पसरतात आणि बोटं सुटतात. ओठांचा लहान चंबू करून ६ मोजत सोडा, बोटं परत जुळतात. असे ८ ते १० श्वास. १० सेकंदांचा एक श्वास, म्हणजे मिनिटाला ६. श्वास सोडताना व्हेगस मज्जातंतूच्या प्रभावाने हृदयाची गती किंचित उतरते, म्हणून सोडणं घेण्यापेक्षा लांब ठेवायचं.

इथे सगळ्यात जास्त चूक होते ती 'खोल श्वास घ्या' या सूचनेने. नवखी बाई जोर लावून छाती भरते, फुंकर मारून रिकामी करते, आणि ५-६ श्वासांत रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा खाली जातो. मग डोकं हलकं होतं, बोटांच्या टोकांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, छाती धडधडते. जिला घबराटीचे झटके येतात तिला हा झटकाच वाटतो, आणि ती दुसऱ्या दिवशी येत नाही. 'खोल' हा शब्दच वर्गातून काढा. 'हळू आणि थोडा' म्हणा. मुंग्या आल्याच तर डोळे उघडायला लावा, कुशीवर वळू द्या, मोजणी सोडून नेहमीचा श्वास घेऊ द्या. दोन-तीन मिनिटांत बहुधा बरं वाटतं. हे असं होऊ शकतं आणि का होतं, ते पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून ठेवलं तर भीती निम्मी होते. छातीत दुखणं किंवा शुद्ध हरपणं मात्र यात बसत नाही, तिथे थेट डॉक्टर.

दुसरी अडचण हंड्रेडची, म्हणजे पाठीवर निजून, डोकं उचलून १०० पर्यंत मोजत करायच्या व्यायामाची. ५ मोजत घेणं, ५ मोजत सोडणं, असं १० वेळा. नवख्या बाईला डोकं उचलून १०० पर्यंत मोजायला लावलं की साधारण चाळिशीत मान थरथरते, दात आवळले जातात आणि श्वास अडकतो. त्या क्षणी व्यायामाचा शांत करणारा भाग संपलेला असतो. पहिले ३ आठवडे डोकं खाली, पाय जमिनीवर, मोजणी ५० पर्यंत. चेहरा सैल आहे का एवढंच बघा. जबडा हा चांगला मापक आहे: जबडा आवळला म्हणजे पातळी एक पायरी जास्त झाली.

आता आत्मविश्वास. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेली स्वकार्यक्षमतेची कल्पना इथे थेट लागू पडते: 'मला जमेल' हा विश्वास कौतुकापेक्षा प्रत्यक्ष जमण्यातून जास्त येतो. म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी प्रत्येकीला स्वतःला दिसेल अशी एक पायरी हवी. रोल-अपचं, म्हणजे निजलेल्या स्थितीतून पाठ गोल करत हळूहळू उठून बसण्याचं, उदाहरण घ्या. आठवडा १ ते २: बसून, गुडघे वाकवून, मांड्यांमागे हात धरून अर्धंच मागे जायचं आणि परत यायचं. ३ ते ५: पट्टा तळपायांभोवती, पाय लांब, तीन-चतुर्थांश मागे. ६ ते ८: निजून, मांड्यांमागे हात घेऊन वर येणं. ९ पासून हात मोकळे. प्रत्येक वेळी ५ ते ६ आवर्तनं, जास्त नाहीत. सातव्या-आठव्या आवर्तनाला लक्ष निसटतं आणि झटके मारून वर येणं सुरू होतं.

वर येताना पाय उचलले जातात आणि बाई म्हणते 'माझं पोट कमजोर'. पुष्कळदा कारण पाठीचा मधला भाग ताठ असणं हे असतं, किंवा धडाच्या मानाने पाय हलके असणं. ते तिथल्या तिथे सांगा. कारण न कळलेलं अपयश माणूस आपल्या स्वभावावर घेतो.

५० मिनिटांची माझी वाटणी अशी: श्वास ६, पाठ आणि कंबर मोकळी करणं ८, मुख्य व्यायाम २४, उभ्याने तोल आणि चाल ७, शेवटी निजून ५. वेळ कमी पडला की शेवटची ५ मिनिटं कापायचा मोह होतो. ती कापू नका, २४ ची १९ करा. एका व्यायामाला सूचना दोनच द्या, एक श्वासाची, एक दिशेची. सहा सूचना एकदम आल्या की लक्ष शरीरात राहत नाही, 'चुकतंय का माझं' या काळजीकडे वळतं. मग ज्या चिंतेसाठी बाई आली तिचाच सराव होतो.

चटईवरून:

दोघांचे आभार, पाळीचं गणित खरोखरच लक्षात आलं नव्हतं. दोन गोष्टी राहतात. काही जणी बाळंतपणानंतर वर्षभरात येतील, काहींची पाळी जाण्याचा काळ आहे. त्यांच्या बाबतीत मनाच्या बाजूने वेगळं काय बघायचं? आणि खोलीच्या एका भिंतीला सलग आरसा आहे. ठेवावा की झाकावा?

ओटीपोट:

बाळंतिणींपासून. सहा आठवडे झाले की सगळं मोकळं, असा समज आहे, पण तो केवळ तपासणीचा टप्पा आहे. पोटावर मधोमध उभी फुगवटी येते का ते डोकं उचलतानाच बघा. येत असेल तर हंड्रेड, डबल लेग स्ट्रेच (डोकं उचलून दोन्ही पाय एकदम लांब करणं), रोल-अप थांबवा. टाच सरकवणं, ब्रिज (पाठीवर निजून कंबर उचलणं), कुशीवरचे व्यायाम ठेवा. लघवी ठिबकणं, योनीत जडपणा जाणवणं किंवा पुन्हा रक्तस्राव सुरू होणं यांपैकी काही असलं तर आधी तपासणी.

आणि याचा मनाशी थेट संबंध आहे. वर्गात चारचौघींत लघवी ठिबकली की ती बाई कारण न सांगता येणं बंद करते, घरी आणखी कोंडली जाते. म्हणून पहिल्या दिवशी लेखी फॉर्ममध्ये विचारा, तोंडी सगळ्यांसमोर नको. जोर लागतो त्या क्षणी श्वास सोडायला शिकवा. पेल्विक फ्लोअर, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, 'दिवसभर आवळून धरा' असं कधीच सांगू नका. सतत ताणलेला स्नायू दुखतो, संबंध दुखरे होतात, लघवीची घाई वाढते, आणि हे बोलायला जागा नसते. आवळणं शिकवाल तितकंच सोडणंही शिकवा: श्वास घेताना ओटीपोटाचा तळ खाली सैल होतो हे जाणवेपर्यंत.

बाळंतपणानंतरच्या उदासीसाठी एडिनबर्ग मापनी आहे, १० प्रश्न, ३० गुण, गेल्या ७ दिवसांबद्दल. तिचा दहावा प्रश्नही स्वतःला इजा करण्याबद्दलच आहे, म्हणजे आकडेमोड यांनी वर सांगितलेली अट इथेही लागू. ती वैद्यकीय हातांतच राहू द्या. तुमच्या वर्गात एवढंच बघा: बाळ झोपलेलं असतानाही झोप लागत नाही, बाळाबद्दल भीतिदायक विचार येतात, रडू थांबत नाही, असं कोणी बोलली तर वाट बघायची नाही.

पाळी जाण्याच्या वयात तीन गोष्टी. रात्री घाम येऊन झोप मोडते आणि दिवसा चिडचिड होते. पिलाटिसने मन निवळलं तरी घाम थांबेलच असं नाही, तेव्हा तसं आश्वासन नको. वर्गात अचानक उष्णतेची लाट आली की धडधड होते आणि ती चिंतेसारखीच भासते. बसून घ्यायला, पाणी प्यायला परवानगी विचारावी लागू नये. तिसरी गोष्ट हाडांची. ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होणं) असेल तर रोल-अप, रोलिंग लाइक अ बॉल (पाठ गोल करून चेंडूसारखं मागेपुढे लोळणं) आणि वाकून वळण्याचे व्यायाम पूर्ण वर्ज्य, कारण पुढे वाकलेल्या मणक्यावर भार आला की मणका दबून मोडू शकतो. त्याऐवजी पालथं निजून छाती उचलणं, ब्रिज, गुडघे-हातांवर राहून उलटसुलट हात-पाय लांब करणं. 'हे तुम्हाला बंद' असं सांगू नका, 'तुमच्यासाठी हा क्रम' म्हणा. हाडं ठिसूळ आहेत कळल्यावर बायका आधीच हलायला घाबरतात. पडण्याची भीती हीच पुढे कमी हालचाल, अशक्तपणा आणि पुन्हा भीती असं चक्र चालवते. तोलाचे व्यायाम आधी भिंतीशी, मग भिंतीपासून एक हात दूर, असे वाढवले की ते चक्र मोडायला मदत होते.

आणखी एक, वयाशी संबंध नसलेलं. सतत थकवा, उदासी, लक्ष न लागणं यांमागे रक्तक्षय किंवा थायरॉइडची कमतरता बायकांत वारंवार सापडते. ४ आठवडे नियमित येऊनही थकवा तसूभर हलला नाही तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइडसाठीची टीएसएच तपासून घ्यायला सांगा. व्यायाम वाढवणं हे त्यावरचं उत्तर नाही.

अंतर्मुख:

आरसा झाका, निदान पहिले ४ आठवडे. झाकता येत नसेल तर चटया त्याच्याकडे पाठ करून मांडा. फ्रेडरिक्सन आणि रॉबर्ट्स या दोघींनी १९९७ मध्ये मांडलेला सिद्धान्त सांगतो की, स्त्रीला स्वतःच्या शरीराकडे बघणाऱ्याच्या नजरेने बघायची सवय लागते, आणि त्या सततच्या पाळतीतून लाज आणि चिंता वाढते. पिलाटिसची मदत उलट दिशेने होते: शरीर आतून कसं जाणवतं तिकडे लक्ष वळतं. समोर आरसा आणि शेजारी दुसरीचं सपाट पोट असलं की ते वळणारं लक्ष लगेच माघारी जातं. पुढे खांदे-कमरेची रेषा तपासायला मोजून दोन मिनिटं आरसा वापरा आणि परत पाठ.

भाषेचंही तेच. 'पोट आत घ्या' याऐवजी 'श्वास सोडताना खालच्या बरगड्या जवळ येऊ द्या' म्हणा. 'चरबी जाळायची' हा शब्दप्रयोग वर्गात नको. वजन, कमरेचं माप, आधीचे-नंतरचे फोटो यांतलं काहीही नोंदवू नका. ते नोंदवलं की १२ आठवड्यांच्या शेवटी झोप सुधारलेली बाईसुद्धा कमरेच्या आकड्यावरून स्वतःला नापास करते.

हात लावून सुधारणा करायची असेल तर प्रत्येक वर्गात नव्याने विचारा. चटईच्या कोपऱ्यावर दोन रंगांचा कागद ठेवा, हिरवा वर म्हणजे चालेल, लाल वर म्हणजे नको, आणि वर्गाच्या मधेही उलटता येईल असं सांगा. जिच्या वाट्याला पूर्वी जबरदस्ती किंवा मारहाण आली आहे तिला डोळे मिटून पाठीवर निजणं, मागून कुणी येणं, पालथं पडणं असह्य होऊ शकतं. ती ते सांगणार नाही. म्हणून डोळे मिटणं कायम ऐच्छिक, दाराच्या बाजूची जागा जिला हवी तिला, आणि शिक्षिकेने डोक्याच्या बाजूने येताना आधी आवाज द्यावा.

दुसऱ्या टोकाकडेही लक्ष हवं. एक वर्ग चुकला तर अपराधी वाटणं, दुखत असतानाही करणं, जेवणाची भरपाई म्हणून दोन वर्ग करणं, ही खाण्याच्या विकाराची चिन्हं असू शकतात. सोबत पाळी सलग ३ महिने बंद असेल आणि गर्भधारणा किंवा पाळी जाण्याचं वय हे कारण नसेल, तर व्यायाम कमी करून डॉक्टरांकडे.

बरगडीपट्टा यांच्याशी एका बाबतीत थोडा मतभेद आहे. तीन गोष्टींत चौथी घाला: एकमेकींची ओळख. वर्गाआधी १० मिनिटं खोली उघडी ठेवा, नावं पाठ करा. एकटी पडलेली बाई १२ आठवडे टिकते ती पुष्कळदा शेजारच्या चटईमुळे.

बरगडीपट्टा:

मान्य, फक्त ती ओळख श्वासाच्या ६ मिनिटांत शिरू नये.

एक भर: सुरुवातीच्या पातळीचं मॅट पिलाटिस दमसासाच्या हिशेबाने बहुतांशी हलकं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमवणारी हालचाल, आणि शिवाय किमान २ दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम सांगितले आहेत. ३ गुणिले ५० म्हणजे १५० होतात खरे, पण ही १५० ती नव्हेत. बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने ३० मिनिटं चालणं, वर्ग नसलेल्या दिवशी, हळूहळू जोडत न्या. मनःस्थितीवर चालण्याचा स्वतंत्र फायदा होतो.

आकडेमोड:

तसं जोडाल तर कधीपासून आणि किती, ते प्रत्येकीच्या कागदावर लिहा. कुणी मधेच औषध सुरू केलं, बदललं किंवा समुपदेशन घेतलं तर त्याचीही तारीख. नाहीतर बाराव्या आठवड्याचा फरक कशाचा हे सांगता येणार नाही.

आणि सरासरी काढताना फक्त शेवटपर्यंत टिकलेल्या धरू नका. पहिल्या दिवशी नाव घातलेल्या २० जणींपैकी ७ जणी पाचव्या आठवड्यात गेल्या असतील, तर उरलेल्या १३ जणींचा चांगला आकडा अर्धंच चित्र दाखवतो. गेलेल्या सातही जणींना एक फोन करा, तीन प्रश्न विचारा: दुखलं का, वेळ जमेना का, की वर्गात बसून वाईट वाटत होतं. तिसऱ्याला 'हो' म्हणणाऱ्या दोघी जरी निघाल्या, तरी पुढचा वर्ग सुरू करण्याआधी अंतर्मुख यांचं उत्तर पुन्हा वाचा आणि सूचनांची भाषा तपासा.